बूट चावत होता, तेव्हाच सांगायचंस

पुणे,
रविवार, दुपार

चि. दादास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. आम्ही दोघंही बरे आहोत. बाबा जेवून जरा आडवे झालेत आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहितेय. कालपासून तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर तू "बरंय गं आई, सगळं ठीक" म्हणतोस आणि मग मला पुढचं काही सुचत नाही. कागदावर मला मध्येच थांबवता येणार नाही तुला.

छोट्यानं सांगितलं. त्याला रागावू नकोस. गुरुवारी तो जेवायला आला होता. मी सहज म्हटलं की दादा यंदा गणपतीत फारच गप्प होता, तर हा आमटीत पोळी बुडवून तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "आई, तुला एक सांगू का?" आणि सगळं सांगून टाकलं. श्रावणात ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन तू खाली बसलास, बीपी १७०/११० निघालं, दोन रात्री दवाखान्यात काढल्यास, गोळ्या सुरू झाल्या. आणि हे मला कळतंय दीड महिन्यानं. मधल्या काळात तू इथे येऊन पाच दिवस राहून गेलास! आरतीला टाळ वाजवलेस, माळ्यावरून मखर काढून दिलंस, गौरींचे मुखवटे पुसलेस. जड पेट्या एकट्यानं उतरवल्यास, आणि मी खालून "सांभाळून, रंग उडेल" म्हणत होते. मुखवट्यांची काळजी करत होते मी.

आता रागावलेली नाहीये. गुरुवारी रात्री होते.

चतुर्थीचं तुझं ताट डोळ्यांपुढून जात नाही. मी डावी बाजू वाढली, मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, पापड. तू बोटानं मीठ कडेला सारलंस, पापड उचलून छोट्याच्या ताटात ठेवलास, लोणच्याला शिवलाही नाहीस. आणि मी सगळ्यांसमोर म्हटलं, "बंगळुरूला राहून आईच्या हातचं खारट लागायला लागलं वाटतं." तू हसलास आणि आणखी एक मोदक मागून घेतलास. माझं मन राखायला घेतलास ना तो? ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं रे.

एक सांगते, ऐक. गोळी चुकवू नकोस. बरं वाटतंय म्हणून बंद तर मुळीच करू नकोस. बीपीचं दुखणं दुखत नाही, हीच त्याची वाईट खोड. माझी गोळी सुरू होऊन सात वर्षं झाली, मला एक दिवसही काही जाणवलेलं नाही, आणि मशीन लावलं की आकडा समोर येतो. माझ्या डॉक्टरीणबाई सांगतात, दिवसाचं मीठ सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. त्यात भाजी-आमटीतलं आलं, पावातलं आलं, फरसाणातलं आलं. तुमच्या ऑफिसात रात्री मागवता त्या डब्यांत किती असतं कोण जाणे. रात्रीची जागरणं कमी कर. मोबाईल उशाशी घेऊन झोपू नकोस. सकाळी अर्धा तास चाल. तुझ्या आजोबांनी, माझ्या बाबांनी, "मला काही होत नाही" म्हणून गोळी सोडली होती. पहाटे उठायला गेले तर उजवा हात उचलेना. त्यांचं मोत्यासारखं अक्षर तू पाहिलं नाहीस. नंतर मी त्यांचा हात धरून अ-आ गिरवून घ्यायचे, माझ्या वर्गातल्या मुलांचा धरायचे तसा, आणि त्यांना त्याची लाज वाटायची.

बघ, सुरू झाले मी. शाळा सोडून इतकी वर्षं झाली तरी फळा दिसला की खडू हातात. तुला डॉक्टरांनी सगळं सांगितलं असेल, सूनबाई लक्ष ठेवून असेल. मला मिठाबद्दल लिहायचंच नव्हतं. मला विचारायचं होतं की तू सांगत का नाहीस.

आणि तेच विचारायला बसले तर गेले तीन दिवस मला आपले रविवार आठवताहेत.

बाबांची सुट्टी गुरुवारी आणि आपली तिघांची रविवारी. भोसरीकडच्या सगळ्या कारखान्यांचं तेच, त्याला इलाज नव्हता. त्यामुळे तुम्हा दोघांना घेऊन मी एकटीच निघायचे. पिशवीत पाण्याची बाटली, गूळ-तूप लावून गुंडाळलेल्या पोळ्या, एक पंचा आणि छोट्याची जास्तीची चड्डी. बसस्टॉपवर बायका म्हणायच्या, "दोन्ही मुलगेच? सुटलात हो!" मी हसायचे. दोन मुलगे घेऊन रविवारच्या पीएमटीत चढून बघावं एकदा, मग म्हणावं.

चढताना मी तुला नेहमी एकच सांगायचे, "दादा, छोट्याचा हात सोडायचा नाही." आणि तू सोडायचा नाहीस. सारसबागेत तळ्यातल्या गणपतीपाशी गर्दीत त्यानं तुझ्या मनगटाला चावा घेतला होता, आठवतं? सुटायचं होतं त्याला, फुगेवाल्याकडे जायचं होतं. तू तरी सोडला नाहीस. चारही दातांची खूण उठली होती.

पेशवे पार्कात फुलराणीची रांग. ती गाडी १९५६ पासून धावतेय, मी स्वतः परकर-पोलक्यात बसलेय तिच्यात. कडेच्या जागेसाठी छोट्या भोकाड पसरायचा आणि तू न सांगता आत सरकायचास. तेव्हा प्राणीही तिथेच होते, कात्रजला नंतर गेले. पिंजऱ्यापाशी तो तुझ्या खांद्यावर चढून बघायचा आणि तू त्याचे पाय धरून त्याला विचारायचास, "काय करतोय रे वाघ?" तुला स्वतःला वाघ किती वेळा नीट बघायला मिळाला, मी कधी विचारलं नाही.

पर्वतीच्या पायऱ्या मोजायचात. छोट्या एकोणतीसवरून थेट चाळीसवर उडी मारायचा आणि वर पोचल्यावर विजयी मुद्रेनं काहीही आकडा ओरडायचा. तू त्याला कधी खोडून काढलं नाहीस. माझ्याजवळ येऊन कानात सांगायचास, "आई, १०३." तुझा गरम श्वास लागायचा कानाला. ते मला इतकं आवडायचं! शहाणं माझं बाळ, म्हणायचे. किती वेळा म्हटलं असेन.

खडकवासल्याला गेलो की तुमची आजी हटकून पानशेतच्या पुराचं काढायची. १२ जुलै १९६१ ला ती नारायण पेठेतल्या माडीवरून गच्चीत पळाली होती. त्यामुळे कणसं खायची ती रस्त्याकडेला बसून, पाण्याजवळ जायचं नाही. आमच्या घरात भीती मोठ्यानं बोलून दाखवायची रीत होती. दुखणं बोलायची मात्र नव्हती. आजी गुडघे धरून जिना चढायची आणि विचारलं की "काही नाही गं" म्हणायची. हे मला आत्ता लिहिता लिहिता दिसतंय.

आता सिंहगडाचं लिहिते. त्यासाठीच हे पत्र.

१९९५ चा जानेवारी. तू दुसरीत, छोट्या चार वर्षांचा. माझ्या शाळेतल्या दोन बाई आणि त्यांच्या मुली बरोबर होत्या. पहाटे स्वारगेटहून बस, अतकरवाडीतून चढायला सुरुवात. तुझ्या पायात शाळेचे काळे बूट होते, कारण दुसरे नव्हते. चढताना तू सगळ्यांच्या पुढे. वर पिठलं-भाकरी, कांद्याची चटणी, मडक्यातलं दही. छोट्यानं दही सांडलं आणि आणखी मागितलं. मग तानाजीच्या समाधीपाशी मी तुम्हा मुलांना बसवून गोष्ट सांगितली. चौथीच्या वर्गाला दरवर्षी सांगायचे ती. रायबाचं लग्न बाजूला ठेवून निघाला, ४ फेब्रुवारी १६७० ची रात्र, कडा चढला, ढाल तुटली तर हाताला शेला गुंडाळून वार झेलले. तू गुडघे जवळ घेऊन ऐकत होतास. डोळे एवढे मोठे.

उतरताना छोट्या "पाय दुखतात" म्हणून खालीच बसला. मी त्याला कडेवर घेतलं. तू पिशवी मागून घेतलीस. मला आठवतंय, तू मागे पडत होतास आणि मी दोनदा ओरडले, "चल पटपट, बस जाईल."

घरी येऊन बूट काढले तर उजवा मोजा निघेना. टाचेचा फोड फुटून रक्त वाळलं होतं, मोजा कातडीला घट्ट धरून बसलेला. घंगाळात कोमट पाणी घेऊन तुझा पाय बुडवला आणि हळूहळू, एकेक धागा सोडवावा तसा तो मोजा सोडवला. पाणी आधी गुलाबी झालं, मग गढूळ. तू घंगाळाची कड दोन्ही हातांनी धरली होतीस, ओठ आत घेतलेले. मी म्हटलं, "अरे, सांगायचं नाहीस का?"

तू म्हणालास, "छोट्याला घेतलं होतंस ना तू."

आणि मी काय केलं? दुसऱ्या दिवशी शाळेत, चाळीत, तुझ्या मावशीला पत्रात, सगळीकडे सांगितलं. एवढा गड उतरला पोरगा रक्ताळलेल्या पायानं, हूं की चूं नाही केलं. तानाजीच माझा. तू दाराआडून ऐकत होतास. तुझा चेहरा असा फुलला होता.

दादा, गोष्ट खोटी नव्हती रे. पण तानाजी लढाईवर होता आणि तू रविवारच्या सहलीला आला होतास. हा फरक तुला सांगायला हवा होता मी. सांगितला नाही, कारण मला तू तसाच हवा होतास. दोन मुलं, एकटी बाई, एक हात पिशवीत अडकलेला. दोघांतल्या एकानं तरी त्रास न देणं ही माझी गरज होती, आणि मी तिला तुझा शहाणपणा म्हणत आले. छोट्या रडायचा, मागायचा, लोळण घ्यायचा, त्याला मिळत गेलं. आज त्याला पडसं झालं तरी तीन फोन येतात. त्याची मला काळजी वाटत नाही.

तुझा अभिमान वाटतो, तो काही खोटा नाही. बारावीच्या वर्षी बाबांचा कारखाना सहा महिने बंद होता, तेव्हा क्लासची फी तू कुठून उभी केलीस ते मला नंतर कळलं. हो ना, तेही नंतरच. अभिमान वाटतो आणि पोटात गोळाही येतो, दोन्ही एकदम. अडतीस वर्षांचं वय काय रे हे बीपीचं.

आणखी एक लिहू की नको, विचार करत होते. पंचमीला आपण पिल्लूला घेऊन सारसबागेत गेलो होतो. तो फरशीवर पडला, गुडघा खरचटला, त्याचा ओठ थरथरायला लागला. तू खाली वाकून म्हणालास, "रडायचं नाही. स्ट्राँग आहेस ना तू?" आणि त्यानं रडू गिळलं. सहा वर्षांच्या पोराला ते गिळताना मी पाहिलं, गळा हलला त्याचा. मला तेव्हा कौतुकच वाटलं, तुझं सगळं कळल्यावर मात्र त्या रात्री झोप लागली नाही. चूक तुझी नाही. शब्द माझेच होते. पण त्याला रडू दे. एवढं करच.

उपदेश झाला पुन्हा. माफ कर.

आता माझंही सांगते, नाहीतर तुला विचारायचा मला काय हक्क. जूनमध्ये माझ्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तुझ्या नव्या कामाची धावपळ होती म्हणून बाबांना आणि छोट्याला गप्प बसवलं. डोळा छान आहे, सुईत दोरा ओवता येतो. उजव्याचं दिवाळीनंतर करायचं म्हणताहेत. तारीख ठरली की तुला कळवीन. तू येऊ नकोस, पण कळवीन.

बाबांना तुझं अजून सांगितलेलं नाही. ते तूच सांग. ते काही बोलणार नाहीत, उठून कुंड्यांना पाणी घालायला जातील. जाऊ दे त्यांना.

दर रविवारी सकाळी नऊच्या आत फोन कर, ते मंडईत गेलेले असतात. मला आकडा सांगायचा, वरचा आणि खालचा दोन्ही. चांगला नसला तरी. मी तुला काही विचारणार नाही, रडणार नाही. रडले तर रडू दे थोडा वेळ.

छोट्या पुढच्या आठवड्यात कामासाठी तिकडे येतोय, त्याच्याबरोबर मेतकूट आणि थालिपिठाची भाजणी पाठवते. दोन्हींत मीठ घातलेलं नाही. पिल्लूच्या भातावर वरून चिमूटभर घाला.

सूनबाईला आशीर्वाद, पिल्लूला पापा.

तुझी
आई