भीती विकणाऱ्या डॉक्टरांविषयी

तासगाव, जि. सांगली

चि. निखिल यास आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सांगितलेस की पुण्याच्या एका डॉक्टरांनी तुला त्यांच्या चॅनेलवर लसींविषयी बोलायला बोलावले आहे, आणि तुझ्या नावावर त्यांचे जितके ‘डिटॉक्स’ (म्हणे शरीर शुद्ध करणारे) संच खपतील त्यावर टक्केवारी देण्याची तयारीही दाखवली आहे. ‘‘ते फक्त प्रश्न विचारतात, त्यात गैर काय?’’ असेही तू म्हणालास. हे बोलणे फोनवर उरकण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

प्रश्न विचारण्यात गैर काहीच नाही. अमेरिकेत १९९८ साली बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरस या विषाणूवरची एक लस आली. लस दिलेल्या काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात सरकून अडकल्याच्या नोंदी येऊ लागल्या, त्यांची छाननी झाली आणि १९९९ मध्ये ती लस बाजारातून काढून घेण्यात आली. ज्यांनी ही शंका घेतली त्यांनी शंकेबरोबर कसली पावडर विकली नाही. आम्ही आरोग्य उपकेंद्रावर लस टोचल्यावर बाळाला अर्धा तास बसवून ठेवायचो, गोवराच्या लसीनंतर आठवड्याभराने थोडा ताप किंवा पुरळ येऊ शकते हे आईला आधीच सांगायचो. तू ज्यांच्याकडे निघाला आहेस त्यांना उत्तर नकोच आहे, कारण उत्तर मिळाले की संच खपायचे थांबतात.

अँड्र्यू वेकफिल्ड हे नाव तुला वैद्यकीच्या अभ्यासात भेटले असेल, पण त्यातील पैशांची बाजू तुम्हाला कोणी शिकवली की नाही, मला शंका आहे. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातील या डॉक्टरने फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या बारा मुलांवरचा निबंध छापला आणि पत्रकार परिषद घेऊन, गोवर, गालगुंड व रुबेलाची एकत्रित लस न देता त्या वेगवेगळ्या द्याव्यात असे सांगितले. लसीमुळे मुले स्वमग्न होतात (त्यांना ऑटिझम होतो) ही भीती तिथून जगभर पसरली. पुढे ब्रायन डीअर या पत्रकाराने कागदपत्रे खणून काढली तेव्हा कळले की लस कंपन्यांवर दावे लावू पाहणाऱ्या वकिलामार्फत हे गृहस्थ आधीपासून पैसे घेत होते आणि ती रक्कम शेवटी चार लाख पौंडांच्या वर गेली. शिवाय निबंध छापण्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी स्वतःच्या गोवराच्या लसीसाठी पेटंटचा अर्ज केलेला होता. म्हणजे जी लस लोकांनी टाळावी असे ते सांगत होते, तिच्या जागी विकायची वस्तू त्यांच्या खिशात तयार होती. २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ने निबंध मागे घेतला आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यक परिषदेने त्यांचे नाव नोंदवहीतून काढून टाकले. डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांहून अधिक मुलांचा अभ्यास होऊन २०१९ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट झाले की त्या लसीचा आणि स्वमग्नतेचा संबंध नाही.

पण मधली वर्षे कोणी परत देत नाही. वेल्समधील स्वानसी परिसरात २०१२-१३ मध्ये गोवराची मोठी साथ आली, हजारावर रुग्णांची नोंद झाली, आणि त्यात पुष्कळशी मुले शाळा-कॉलेजच्या वयाची होती, म्हणजे ज्यांच्या आईवडिलांनी त्या भीतीच्या काळात लस टाळली होती तीच. रुबेलाचे तर याहून वाईट आहे. लस न मिळालेली मुलगी मोठी होते, गरोदरपणात तिला रुबेला होतो आणि मोतीबिंदू, बहिरेपणा किंवा हृदयाचा दोष घेऊन बाळ जन्माला येते. तोवर व्हिडिओ करणारा डॉक्टर दुसऱ्याच कशाची तरी भीती विकत असतो.

नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्याकडे गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली, तेव्हा तू घरी नव्हतास. शाळेच्या व्हरांड्यात टेबल मांडून मी कुपीवर फोडल्याची वेळ लिहीत होते, कारण पाणी मिसळल्यावर ती लस चार तासांपुढे वापरायची नसते. तेवढ्यात एका द्राक्षबागायतदाराने मोबाइल माझ्यापुढे धरला. पांढरा कोट घातलेला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला एक माणूस या लसीने मुले वांझ होतात असे सांगत होता आणि शेवटी त्याच्या चूर्णाच्या मागणीसाठी नंबर येत होता. तो बागायतदार उद्धट मुळीच नव्हता. तो म्हणाला, ‘‘बाई, तुमच्यावर विश्वास हाय, पण ह्यो एमडी हाय. मी कुणाचं ऐकू?’’ मी त्याला कुपीवरचा चौकोन दाखवला, लस खराब झाल्यास त्याचा रंग कसा बदलतो ते सांगितले, त्याच्या प्रत्येक शंकेला उत्तर दिले. तरीही तो लेकीला तशीच घरी घेऊन गेला. गावातील प्रत्येक घरी बाळंतिणीला भेटायला गेलेल्या बाईपेक्षा नावापुढची तीन अक्षरे भारी ठरली. निखिल, ती अक्षरे आता तुझ्या नावापुढे लागणार आहेत.

फ्लोरिडातील जोसेफ मर्कोला यांचे उदाहरण पाहा. लसींविरुद्ध वर्षानुवर्षे लिहिणाऱ्या आणि शेजारीच जीवनसत्त्वांच्या बाटल्या विकणाऱ्या या डॉक्टरने २०१७ मध्ये प्रतिज्ञापत्रावर आपली मालमत्ता दहा कोटी डॉलरहून अधिक असल्याचे सांगितले होते. कोविडवरचा इलाज म्हणून असली उत्पादने विकल्याबद्दल २०२१ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने त्यांना ताकीदपत्र पाठवले. आपल्याकडेही २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार डॉक्टरने कमिशन घेणे हा गैरवर्तनाचाच प्रकार आहे. तुला देऊ केलेली टक्केवारी ‘सल्ला शुल्क’ म्हणून खात्यावर जमा झाली तरी ती टक्केवारीच राहते.

शैक्षणिक कर्जाचा हप्ता तुझ्या डोक्यावर आहे आणि विश्रामबागेत गाळ्याची अनामत द्यायची आहे, हे मला ठाऊक आहे. बाबांशी माझे बोलणे झाले आहे. दवाखाना चालू लागेपर्यंत हप्त्याचा निम्मा भाग माझ्या निवृत्तिवेतनातून जाईल. तू त्या डॉक्टरांना नकार लेखी कळव, फोनवर नको, आणि त्याची एक प्रत मला पाठव.

तुझी,
आई