पात्स्क्वारोतल्या अनोळखी माणसांनो, आभार!

मला येणारं स्पॅनिश म्हणजे 'ग्रासियास' (धन्यवाद) आणि बोटांवर मोजायचे आकडे. तरी मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातल्या या तळ्याकाठच्या गावात चार दिवस निभावले, ते तुमच्यामुळे.

गाव दोन हजार मीटरहून उंचावर, संध्याकाळ झाली की गारठा. वास्को दे किरोगा चौकात कुडकुडत बसले होते, तर एका आजींनी न विचारता गरम आतोलेचा (मक्याच्या पिठाचं दाटसर पेय) पेला हातात दिला आणि पैसे काही घेतले नाहीत. तिथल्या मूळ रहिवाशांच्या पुरेपेचा भाषेत त्या बरंच बोलल्या. सूर मात्र थेट माझ्या आजीचा, रागे भरल्यासारखा!

जुन्या चर्चमधल्या ग्रंथालयात मेक्सिकन चित्रकार हुआन ओगोरमानचं भलंमोठं भित्तिचित्र आहे. बंद करायची वेळ झाली तरी माझ्यासाठी दिवे चालू ठेवणारे दादा, तुमचेही आभार.

तळ्यातल्या हानित्सिओ बेटावर मेक्सिकोच्या स्वातंत्र्यलढ्यातला सेनानी मोरेलोसचा ४० मीटर उंच पुतळा आहे, त्याच्या पोटातून जिना चढायचा. मला धाप लागली, तेव्हा एका शाळकरी पोराने मुकाट्याने माझी पिशवी उचलली. खाली तळलेल्या चरालेस या इवल्या माशांवर लिंबू पिळून देणाऱ्या ताई (मांदेलीची सर नाही, पण कुरकुरीत झकास!), तुम्हालाही धन्यवाद.

आणि शेवटची होडी माझ्यासाठी थांबवणारे नावाडीकाका, घाईत तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं.