तक्रारदाराचे नाव झाका, कंपनीचे कशाला?

मा. अश्विनी वैष्णव,
केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री, यांस
सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितो आहे. लोकांचा डेटा वापरायची संमती मागताना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांचा पर्याय द्या, असे तुमच्याच डेटा संरक्षण कायद्याने कंपन्यांना बजावले आहे. तेव्हा मंत्रालयाला मराठीची अडचण नसावी.

तालुक्याच्या गावी मी लोकांना माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांची मर्यादा, एका अर्जात एकच विषय, सगळे तोंडपाठ आहे. १४ नोव्हेंबर २०२५ पासून तुमच्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातले वैयक्तिक माहिती नाकारण्याचे कलम ८(१)(ञ) बदलले आणि उत्तरांचा सूरही बदलला. रस्त्याच्या कामाचे मोजमाप पुस्तक मागितले, तर ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला. मोजमाप पुस्तकात वैयक्तिक काय? कनिष्ठ अभियंत्याची सही!

जुन्या कलमात चाळणी होती. सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा खासगीपणावर नाहक घाला पडत असेल, तरच नकार. व्यापक जनहित असेल तर तोही नाही. शेवटी परंतुक होते, की संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कोणालाही नाकारता येणार नाही. आता चाळणीही गेली आणि परंतुकही. कलम ८(२) शाबूत आहे, जनहित जड ठरले तर माहिती देता येते, हे मला मान्य आहे. पण ‘देता येते’ आणि ‘द्यावीच लागते’ यांतले अंतर कचेरीच्या खिडकीशी उभे राहिल्यावर कळते.

तो वाद न्यायालयात चालू राहील. मला विचारायचे आहे ते याच डेटा संरक्षण कायद्याने आणलेल्या, डेटा फुटल्याच्या तक्रारींची चौकशी करून दंड ठोठावणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाबद्दल.

या मंडळाकडे दोन तऱ्हेचे कागद येणार. एखाद्या बाईचा तपासणी अहवाल व्हॉट्सॲपवर फिरला आणि तिने तक्रार केली, तर तिचे नाव, आजार, पत्ता कोणालाही मिळता कामा नये. तिथे मी अर्जदाराला सोडून नकार देणाऱ्या अधिकाऱ्याच्या बाजूने उभा राहीन. पण ज्या कंपनीने तो अहवाल उघडा टाकला, तिला कसला खासगीपणा? तुमच्या व्याख्येतही वैयक्तिक डेटा माणसाचा असतो, कंपनीचा नव्हे. तरी कंपन्या ‘व्यापारी गुपित’ म्हणत माहिती अधिकाराचे कलम ८(१)(घ) पुढे करतील, हे सांगायला ज्योतिषी नको.

खरी मेख डेटा संरक्षण कायद्याच्या कलम ३२ मध्ये आहे. चौकशी चालू असताना कंपनीने स्वेच्छेने हमी लिहून दिली आणि मंडळाने ती स्वीकारली, की त्या बाबीपुरती कारवाई थांबते. हमी जाहीर करण्याची अट मंडळ घालू शकते. घातलीच पाहिजे असे नाही. म्हणजे २५० कोटींपर्यंत दंड होऊ शकणारे प्रकरण एका कागदावर मिटेल आणि ज्यांचा डेटा गेला त्यांना कशावर मिटले हे कळणारही नाही.

ब्रिटनमध्ये डेटा संरक्षणावर देखरेख करणाऱ्या माहिती आयुक्तांच्या कर्मचाऱ्याने चौकशीतली गोपनीय माहिती अधिकाराविना फोडली तर तो गुन्हा आहे (तिथल्या २०१८ च्या डेटा संरक्षण कायद्याचे कलम १३२). पण त्याच कलमात जनहिताचे दार ठेवले आहे, आणि तेच कार्यालय स्वतःकडे आलेल्या माहिती अर्जांना उत्तरेही देते. आपल्याकडे तर २०१२ मध्येच न्या. ए. पी. शाह यांच्या खासगीपणावरच्या तज्ज्ञ गटाने सांगितले होते, की माहिती अधिकारात दिलेली माहिती खासगीपणाचा भंग मानू नये.

म्हणून मागणी एवढीच: मंडळाने प्रत्येक आदेश आणि स्वीकारलेली प्रत्येक हमी कंपनीच्या नावासह, किती लोकांना फटका बसला त्या आकड्यासह प्रसिद्ध करावी. तक्रारदाराची ओळख, नाकारण्याजोगा भाग वगळून बाकीचा देण्याच्या माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० नुसार, झाकावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आणि अर्ज नाकारताना ८(२) चा विचार केला का, केला तर काय, ते लेखी द्यावे. कंपन्यांवरची मुख्य बंधने १८ महिन्यांच्या मुदतीनंतर लागू होतात, तोवर हा नियम कागदावर यावा.

हेच प्रश्न घालून मंत्रालयाच्या जनमाहिती अधिकाऱ्यांकडे अर्जही टाकला आहे. केंद्राकडे पाचशे शब्दांची मुभा आहे, पण कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली आहे. तीस दिवस मोजतो आहे.

आपला,
एक अर्जदार