धडधडीची सुरुवात घशातून

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचा लेख वाचला. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ, कॉफी, जागरण, रक्तदाब, मधुमेह, साठीनंतरचं वय, सगळं त्यात आलं. हृदयाचा व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, खराब झालेल्या पेशंटचा मात्र एका ओळीतही उल्लेख नाही. मी सरकारी रुग्णालयात मेडिसिनच्या वॉर्डात परिचारिका होते. ठोके असे बेलय पडण्याच्या एट्रियल फिब्रिलेशनचे, म्हणजे आम्ही ज्याला नुसतं ‘एएफ’ म्हणतो त्याचे, जे पेशंट आमच्याकडे यायचे त्यांत तिशी-पस्तिशीच्या बायका कितीतरी असत. अनेकींना आपल्या हृदयात बिघाड आहे हे पहिल्यांदा कळायचं ते गरोदरपणात. त्या काळात शरीरातलं रक्त जवळजवळ निम्म्याने वाढतं, अरुंद झालेल्या व्हॉल्व्हला ते झेपत नाही आणि दम लागू लागतो. घरचे म्हणायचे, पोटुशी बाई आहे, दम लागणारच.

या दुखण्याचं मूळ लहानपणी असतं. साधारण पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाला स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा धरतो. तो बरा होतो आणि काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी ताप येऊन गुडघे, घोटे एकामागून एक सुजतात. हाच संधिवाताचा ताप. जंतूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती हृदयाच्या व्हॉल्व्हलाही शत्रू समजते. डॉक्टर मंडळींत जुनं वाक्य आहे, हा ताप सांध्यांना चाटतो आणि हृदयाला चावतो. सांधे पूर्ववत होतात. हृदयातला दाह मात्र डाग ठेवून जातो आणि पुन्हा पुन्हा ताप आला तर हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधला माइट्रल व्हॉल्व्ह जाड होऊन आकसत जातो. मग डाव्या वरच्या कप्प्यात रक्त तुंबतं, कप्पा ताणून फुगतो, त्याच्या भिंतीत तंतू साचतात. ठोक्याची वीज एका लयीत पसरायची ती या डागांना वळसे घालत भरकटते. वरचा कप्पा मिनिटाला 350 ते 600 वेळा नुसता थरथरतो आणि खालच्या कप्प्यांपर्यंत त्यातले थोडेच संदेश पोचतात, तेही कसेही.

दाहाने लय बिघडते हे फक्त व्हॉल्व्हपुरतं नाही. हृदयाच्या स्नायूला विषाणूमुळे सूज आली तरी ठोके चुकतात. बायपासनंतर बऱ्याच पेशंटना एएफ होतो आणि तो बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी, म्हणजे शस्त्रक्रियेचा दाह भरात असताना. तो पुष्कळदा ओसरतो. व्हॉल्व्हवाल्यांचा तसा ओसरत नाही.

हे ओळखायला घड्याळ लागत नाही. वॉर्डात आम्ही दोघी मिळून मोजायचो. एकीने छातीवर स्टेथोस्कोप ठेवायचा, दुसरीने त्याच मिनिटाला मनगट धरायचं. छातीवर 130 आणि मनगटावर 95 भरले की डॉक्टरांना हाक मारायची, कारण काही ठोके इतके दुबळे असतात की ते नाडीपर्यंत पोचतच नाहीत. पक्कं निदान अर्थात ईसीजीनेच होतं, पण संशय यायला दोन बोटं पुरतात.

धोका धडधडीचा कमी, गुठळीचा जास्त. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, गुठळी सुटून मेंदूत जाते आणि चालती-बोलती बाई अर्धांगाने पडते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाच्या जुन्या अभ्यासात व्हॉल्व्ह ठीक असताना एएफमुळे पक्षाघाताची शक्यता पाचपटीहून जास्त दिसली, आणि संधिवाताच्या तापाने व्हॉल्व्ह खराब झालेला असेल तर सतरा पटीहून जास्त. असा फरक असताना दोन्ही पेशंटना एकच सल्ला कसा चालेल?

आपल्या लेखात ‘आता नव्या गोळ्या आल्यात, वारंवार रक्ततपासणीची कटकट नाही’ असं गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्यांबद्दल म्हटलंय, त्याला माझा मुख्य आक्षेप आहे. 2022 साली ‘इन्विक्टस’ ही चाचणी प्रसिद्ध झाली. 24 देशांतले साडेचार हजारांवर पेशंट, सगळे संधिवाताच्या हृदयविकाराचे आणि एएफ असलेले, दहांतल्या सात स्त्रिया. नवी रिव्हारॉक्सबान घेणाऱ्यांपेक्षा जुनी वॉर्फरिनच्या जातीची गोळी घेणाऱ्यांत मृत्यू कमी झाले. म्हणजे व्हॉल्व्ह आकसलेल्या पेशंटने तो लेख वाचून आपली जुनी गोळी बदलून मागितली तर नुकसान त्याचंच. पण जुन्या गोळीला आयएनआर तपासणी लागते. आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तो 2 ते 3 च्या दरम्यान राहावा लागतो. मेथी-पालक एकदम वाढले, दुसऱ्या दुखण्याची गोळी सुरू झाली, की तो हलतो. वाडीवरच्या बाईने या एका तपासणीसाठी रोजगार बुडवून जिल्ह्याला जायचं का? बहुतेक जणी जात नाहीत आणि गोळी अंदाजाने चालू राहते, किंवा संपते.

त्याच्या आधीचं काम आणखी स्वस्त आहे. संधिवाताचा ताप एकदा येऊन गेलेल्या मुलाला तो पुन्हा येऊ नये म्हणून दर तीन आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलीनचं इंजेक्शन द्यायचं, तेही वर्षानुवर्षं. ते दुखतं, मुलं पळतात, आणि रिअॅक्शनच्या भीतीने काही दवाखाने ते टोचायलाच नाही म्हणतात. भीती अगदीच खोटी नाही, पण तयारीनिशी देता येतं. आम्ही देतच होतो. युगांडात व्हॉल्व्हवर नुकता डाग दिसू लागलेल्या आठशेवर मुलांवर अभ्यास झाला, तो 2021-22 मध्ये छापून आला. दोन वर्षांत इंजेक्शन न घेणाऱ्यांपैकी 8.2 टक्के मुलांचा आजार वाढला, घेणाऱ्यांत फक्त 0.8 टक्के.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळकरी मुलांच्या तपासणीच्या यादीत हा हृदयविकार 2013 पासून आहे. यादीत असणं पुरेसं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात बेन्झाथिन पेनिसिलीन कायम असावं, इंजेक्शन चुकलेल्या मुलाच्या घरी कुणीतरी जावं आणि ग्रामीण रुग्णालयात आयएनआर व्हावा, एवढी मागणी आपण लावून धरावी. प्रत्येक घसादुखीला अँटिबायोटिक द्या असं मी म्हणत नाही, बहुतेक घसे विषाणूनेच धरतात. पण घसा दुखून गेल्यावर मूल सुजलेल्या गुडघ्याची तक्रार करत असेल तर त्याला ‘वाढीचं दुखणं’ म्हणून तेल चोळत बसू नये, हे पुढच्या पुरवणीत चौकटीत छापाल का?

— एक निवृत्त परिचारिका, जि. सातारा