मंडालेत कोणाला विचारलं होतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा संध्याकाळी थिबा पॉइंटवर गेलो होतो, मुंबईचा पुतण्या सुट्टीला आलाय त्याला घेऊन. खाली भाट्याची खाडी, पुलावरून गाड्या चाललेल्या, सूर्य बुडायला आलेला आणि हा मोबाईलवर, डेन्मार्कच्या राज्यातलं जे ग्रीनलँड बेट अमेरिकेला हवंय म्हणतात, त्याचा नकाशा बोटांनी मोठा करून मला दाखवतोय, "काका एवढी जागा आणि माणसं जेमतेम छप्पन हजार, अमेरिकेने घेतली तर बिघडलं कुठे? पॉवर आहे त्यांच्याकडे." मी तेव्हा गप्प बसलो पण ते बोलणं काही डोक्यातून जाईना, कारण पोरगा ते बोलला कुठे, तर थिबाच्या टेकडीवर उभा राहून.

थिबा ब्रह्मदेशाचा राजा. इंग्रजांच्या लाकूड कंपनीला त्याच्या दरबाराने सागवानावरून 23 लाखांचा दंड केला, ते निमित्त झालं, खरा डोळा सगळ्या मुलखावर होताच. नोव्हेंबर 1885 मध्ये पंधरा दिवसांत त्याची राजधानी मंडाले पडली आणि 1886 मध्ये राजा-राणीला आणून ठेवलं आमच्या रत्नागिरीत, इथेच तो 1916 साली गेला. त्याचा कारभार चांगला होता असं मी म्हणत नाही, रक्तपात त्याच्याही दरबारात झाला. पण मला खरा त्रास होतो तो तारखांचा. 1884 साली विलायतेत मताचा हक्क खेड्यातल्या शेतमजुरापर्यंत नेला आणि पुढच्याच वर्षी मंडाले पडलं त्याच आठवड्यात तिकडे निवडणुकीचं मतदान चालू होतं! म्हणजे तिकडचा मजूर आपलं सरकार निवडतोय आणि ते सरकार इकडे एक अख्खा देश घेतंय, त्या देशातल्या एकाही माणसाला न विचारता. वर शिपाई आपले हिंदी आणि खर्चही हिंदुस्थानच्या तिजोरीतून, आपल्यालाही कोणी विचारलं नाही. मग पुढे कितीतरी वर्षं तिथले लोक जंगलातून लढत राहिले.

पुढे 1908 मध्ये त्याच मंडालेच्या तुरुंगात टिळकांना नेऊन ठेवलं. टिळक जन्माने रत्नागिरीचे. आमचा माणूस तिकडे कैदेत, त्यांचा राजा इकडे कैदेत, सहा वर्षं. शाळेत असताना मला याची गंमत वाटायची, आता वाटत नाही.

अमेरिकेचंही तेच झालं. राज्य करायचा अधिकार लोकांच्या संमतीतून येतो असं 1776 च्या जाहीरनाम्यात लिहिणारा देश, त्याने 1898 च्या तहात स्पेनला 2 कोटी डॉलर देऊन फिलिपिन्स घेतलं आणि तिथल्या लोकांनी आम्हाला स्वातंत्र्य हवंय म्हटल्यावर त्यांच्याशीच लढाई केली. पोर्तो रिको हे बेटही त्याच तहात स्पेनकडून घेतलेलं, तिथले लोक 1917 पासून अमेरिकेचे नागरिक आहेत पण तिथे राहून राष्ट्राध्यक्षाला मत देता येत नाही, आजसुद्धा. जमीन घेतली की माणसं येतातच बरोबर, आणि त्यांना बरोबरीचं मत द्यायचं नसेल तर मग आपल्याच घटनेत पळवाटा शोधाव्या लागतात. ग्रीनलँडच्या लोकांचा स्वतःचं भवितव्य ठरवायचा हक्क तर डेन्मार्कने 2009 च्या कायद्यात मान्य केलाय, मग ते छप्पन हजार असोत नाहीतर छप्पन, विचारायचं त्यांनाच ना?

आणि हे आपल्या लोकांनी तेव्हाच ओळखलं होतं. डिसेंबर 1885 मध्ये मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, आम्ही शाळेत 72 प्रतिनिधी आणि अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी एवढं पाठ केलं, पण त्याच अधिवेशनात ब्रह्मदेश खालसा करू नका असा ठराव झाला होता हे मला कोणी सांगितलं नाही, चाळिशीनंतर वाचनात आलं. त्यामागे खर्चाची काळजी होती हे खरं, तरी म्हटलं ना त्यांनी! स्वतः पारतंत्र्यात असताना, सरकार ऐकणार नाही हे दिसत असताना म्हटलं. 1 जानेवारी 1886 ला ब्रह्मदेश खालसा झालाच.

दरवर्षी 28 डिसेंबरला काँग्रेसच्या स्थापनेवर काही ना काही छापून येतं. यंदा आपण तो ठराव मराठीत पूर्ण छापावा एवढी विनंती आहे, कात्रण मी पुतण्याला पाठवीन.

आपला एक वाचक,
रत्नागिरी