त्या मुलाला उत्तर मिळायला हवे होते

महोदय,

नेरूळच्या आमच्या वसाहतीत नुकतेच अमली पदार्थविरोधी व्याख्यान झाले. शेवटी कॉलेजातल्या एका मुलाने विचारले, ‘एलएसडी घेतल्यावर झाड, दगड, मी, सगळं एकच आहे असं वाटतं म्हणे. मग संतांनी वेगळं काय सांगितलं?’ सभागृहात खसखस पिकली आणि वक्त्यांनी ‘पुढचा प्रश्न’ म्हणत विषय मिटवला. मला ते फार खटकले. मुलगा वात्रटपणा करत नव्हता.

असा अनुभव येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९६२ च्या गुड फ्रायडेला संशोधक वॉल्टर पाहन्के यांनी बॉस्टनमध्ये धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. निम्म्यांना सायलोसायबिन हे काही अळंब्यांत सापडणारे, एलएसडीसारखेच भास घडवणारे द्रव्य दिले आणि त्यांतल्या बहुतेकांनी गूढ ऐक्याचे वर्णन केले. मात्र एकजण इतका बिथरला की त्याला शांत करायला इंजेक्शन द्यावे लागले. पाहन्के यांच्या प्रबंधात याचा उल्लेखच नव्हता. दुसरे संशोधक रिक डॉब्लिन यांनी १९९१ मध्ये ते उजेडात आणले. ऐक्याच्या सुरस कथा सांगणारे हा भाग हमखास गाळतात.

पण मुलाच्या प्रश्नाचे खरे उत्तर पुढेच आहे. ही द्रव्ये मेंदूतल्या सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाच्या ग्राहींवर (रिसेप्टरवर) काम करतात, ‘मी’ची कड पुसट होते. त्यावरून विश्व एक आहे की नाही, हे काहीच ठरत नाही. ईश्वर आणि निसर्ग एकच, असे मांडणारा सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ स्पिनोझा भिंगे घासून पोट भरत होता. १६५६ मध्ये त्याच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केले, तरी तो भूमितीसारखी एकेक पायरी सिद्ध करत गेला. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त जग हा चैतन्याचाच विलास म्हटला, तोही आधीची मते तर्काने खोडून. आणि सगळेच ईश्वर असेल, तर तो रसायनाच्या आठ-दहा तासांपुरता कसा असेल? ठाणे खाडीतल्या चिखलात तो असायला हवा, फ्लेमिंगोंच्या पायांत अडकणाऱ्या प्लास्टिकसकट. तिथे काही न घेता उभे राहून हे पटते का, हे मुलांनी स्वतः तपासावे.

कायद्याची भीती जरूर घाला; ०.१ ग्रॅमहून जास्त एलएसडीला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. पण ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांनी अशा व्याख्यानांना पोलीस आणि डॉक्टरांबरोबर तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनाही बोलवावे, आणि प्रश्नांना भाषणाइतकाच वेळ ठेवावा.

– एक वाचक, नेरूळ