बिअरच्या पार्टीला जर्मन खाऊ न्यायचा तर

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

तुमच्या रविवार पुरवणीत मागे बिअर टेस्टिंग पार्टीला काय काय न्यावं यावर अर्धं पान आलं होतं, त्यात जर्मन स्टार्टर म्हणून नाचोज, पेरी पेरी पनीर आणि चिकन सॉसेज. आता नाचोज मेक्सिकोचे, पेरी पेरी आफ्रिका-पोर्तुगालकडची, राहता राहिलं सॉसेज, ते जर्मन खरं पण त्यावर तुम्ही चाट मसाला भुरभुरायला सांगितलाय. म्हणून लिहायला बसलो.

माझी लायकी एवढीच की इंदूरजवळ पीथमपूरला कारखान्यात नोकरी केली आणि मशीन शिकायला कंपनीने मला आठ महिने म्युनिकजवळ पाठवलं होतं. मी तेव्हा अंडंसुद्धा लपून खाणारा माणूस, घरून निघताना आईने दोन किलो चिवडा बांधून दिला होता की पोरगं तिथे उपाशी मरेल. तर पहिल्याच शनिवारी तिथले लोक मला बिअर गार्डनला घेऊन गेले आणि बघतो तो काय, चेस्टनटच्या झाडांखाली लांब लांब बाकं आणि प्रत्येकाने घरून डबा आणलेला! ब्रेड, चीज, मुळा, चाकूसुद्धा घरचा. बिअर तेवढी तिथली घ्यायची. मला वाटलं कंजूष आहेत, पण ही पद्धत १८१२ पासूनची निघाली. बिअर बनवणारे आपल्या तळघरांबाहेर झाडाखाली थेट बिअर विकायला लागले, खाणावळवाले राजाकडे रडत गेले, तर बव्हेरियाच्या (म्युनिक ज्या प्रांतात येतं त्याच्या) राजाने तोड काढली की बिअर विका, ब्रेड विका, बाकी खायला काही विकायचं नाही. मग लोक डबा आणायला लागले ते अजून आणतात. आपल्याकडे दारावरच पाटी, 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत'.

तर मुद्दा असा की त्या डब्यात जे असतं तेच टेस्टिंगला न्यावं, आणि त्यातलं अर्ध्याहून जास्त शाकाहारी असतं हे तुमच्या पानावर कुठेच नाही.

मागच्या डिसेंबरात भाच्याने इथे इंदुरात सुदामा नगरच्या गच्चीवर टेस्टिंग ठेवलं, म्हणाला मामा तुम्ही जर्मनीवाले, खायचं तुमच्याकडे. सगळ्यात सोपा मुळा. हसू नका, त्याला तिकडे राडी म्हणतात, पांढरा मुळा स्प्रिंगसारखा गोल गोल कापायचा, मीठ लावून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, पाणी सुटलं की म्हणतात मुळा रडला, आता खा. आपण कोशिंबिरीला तेच पाणी पिळून टाकतो. मालव्याच्या थंडीतला मुळा त्यांच्या मुळ्याला भारी आहे हे मी शपथेवर सांगतो.

दुसरं ओबाट्स्डा. नाव घेताना जीभ अडकते पण वस्तू एक नंबर. कॅमेम्बेर चीज (मोठ्या सुपरमार्केटात मिळतं) फ्रिजबाहेर ठेवून मऊ होऊ द्यायचं, २०० ग्रॅमला ७०-८० ग्रॅम लोणी, काट्याने कुस्करायचं, पापरिका नसेल तर रंगाची काश्मिरी मिरची चमचाभर, कुमेल म्हणजे आपल्या शहाजिऱ्याच्या नात्यातलं बी ते थोडं, आणि दोन-तीन चमचे बिअर. कांदा वाढायच्या वेळेलाच घाला, आधी घातला की कडवट होतं. मी पहिल्यांदा पैसे वाचवायला साध्या चीज क्यूब वापरल्या तर भिंतीला लावायची पुट्टी तयार झाली, बायको अजून तो विषय काढते.

त्याच्यासोबत ब्रेत्सेल पाहिजे, गाठ मारलेला तो खारा ब्रेड. त्याचा तपकिरी चकचकीत रंग कॉस्टिक सोड्याच्या पातळ पाण्यात बुडवल्यामुळे येतो, बेकरीवाले हातमोजे घालून करतात, घरी त्या भानगडीत पडू नका. लिटरभर उकळत्या पाण्यात ५० ग्रॅम खायचा सोडा, त्यात अर्धा मिनिट बुडवून मग ओव्हनमध्ये. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियम काळं पडतं. रंग थोडा फिका येतो, चव बऱ्यापैकी तीच.

मग बटाटा. कार्टोफेलपुफर म्हणजे कच्चा बटाटा किसून घट्ट पिळायचा, त्या पाण्याच्या तळाशी जो पांढरा साका बसतो तो परत घालायचा, कांदा, मीठ, थोडा मैदा, अंडं चालत असेल तर अंडं, आणि छोटी छोटी थालीपिठं तेलात खरपूस तळायची. तिकडे ती सफरचंदाच्या गोड लगद्याबरोबर खातात. गच्चीवर सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, मी म्हटलं अरे भिया, सकाळी पोह्यांवर जिलबी खाणारे तुम्ही, तुम्हाला कसली अडचण! दहा मिनिटांत ताट साफ.

एक गंमत सांगतो. कोलोनकडे हाल्व्हे हान म्हणून मिळतं, अर्थ अर्धा कोंबडा. मी यादीत तसंच लिहून पाठवलं तर शेजारच्या काकू येणारच नाही म्हणाल्या, त्या फक्त खायला आणि गप्पांना येतात. प्रत्यक्षात त्यात कोंबडीचं पीससुद्धा नसतं, राय नावाच्या धान्याचा पाव, गौडा चीजचा जाड काप, कांदा आणि मोहरीचा सॉस. काकूंनी दोन खाल्ले.

आता जे लिहिताना इंदूरकर म्हणून माझाच हात थरथरतोय ते लिहितो. टेस्टिंगला शेव नेऊ नका. लवंग घातलेली लौंग शेव तर नाहीच, जिरावन मसाला टाकलेला गराडू, म्हणजे तळलेला कंद, तोही नाही. दारू पिणं वेगळं आणि टेस्टिंग वेगळं, तिथे एकेक घोट घेऊन कुठली हलकी कुठली भाजक्या माल्टची, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याची, ते ओळखायचं असतं. तिखटाने जीभ भाजली की कडू बिअर नुसती कडूच लागते, बाकी काही कळत नाही. आमच्याकडे गव्हाची हेफेवाइत्सेन होती, तिला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, तो यीस्टमुळे, वरून काही घालत नाहीत. लौंग शेवेची मूठ भरून आलेला भाच्याचा मित्र म्हणतो मामा मला फक्त लवंग लागतेय. लागणारच! खारट, आंबट, लोणीदार असं खायला ठेवा, फिक्या बिअरपासून सुरू करून काळ्या बिअरकडे जा, आणि शेव शेवटचा ग्लास झाल्यावर फोडा.

सावरक्राउट म्हणजे आंबवलेला कोबी, त्याबद्दल लिहायचं होतं पण ते आठवडाभर आधी कोबीच्या वजनाच्या दोन-अडीच टक्के मीठ चोळून मुरवावं लागतं, पार्टीच्या आदल्या रात्री आठवलं तर उपयोग नाही, माझं तेच झालं.

शेवटी एक विनंती. इंदुरात कुणी खरा काळा राय ब्रेड बनवत असेल तर वाचकांनी तुमच्यामार्फत कळवावं. मी सियागंजात 'राय का आटा' मागितला तर दुकानदाराने मोहरीचं पोतं उघडून विचारलं, बारीक दूं या मोटी?

आपला,
एक जुना वाचक
सुदामा नगर, इंदूर